व्यसन सुटताना डिप्रेशनची गोळी: कोणाला आणि केव्हा?

‘एक सोडवायला गेलो नि दुसरं गळ्यात पडलं!’ व्यसनमुक्तीचे उपचार चालू असताना डॉक्टरांनी डिप्रेशनचं औषध लिहून दिलं, की घरात हे वाक्य हमखास निघतं. काळजी समजण्यासारखी आहे, पण ती भलत्याच ठिकाणी खर्च होते. या गोळ्यांनी नशा चढत नाही, त्यांची तलफ येत नाही, ‘आज दोन जास्त घेऊ’ असंही वाटत नाही. डोकं खाजवावं असा प्रश्न दुसराच आहे. समोरच्या माणसाला ही गोळी खरंच लागणार आहे का?

कारण दारू स्वतःच माणसाला उदास करते. सँड्रा ब्राउन आणि मार्क शुकिट यांनी १९८८ साली दारूच्या उपचारांसाठी दाखल झालेल्या १९१ पुरुषांचा अभ्यास मांडला. दाखल होताना ४२ टक्के जणांमध्ये लक्षणीय डिप्रेशन होतं. चार आठवडे दारू बंद राहिल्यावर उरले ६ टक्के. म्हणून पुष्कळ डॉक्टर लगेच प्रिस्क्रिप्शन न लिहिता दोन-चार आठवडे थांबून पाहतात.

पण हा नियम सरसकट लावला की घात होतो. दारू लागण्याआधीपासूनच डिप्रेशन असेल, दारू बंद असलेल्या मधल्या काळातही ते टिकलं असेल किंवा मनात आत्महत्येचे विचार येत असतील, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना असलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे एक संस्थापक बिल विल्सन यांची दारू १९३४ मध्ये सुटली. तरी पुढे कित्येक वर्षं डिप्रेशनने त्यांना छळलं.

गोळी सुरू झाली की खरी कसोटी पहिल्या पंधरवड्यात लागते. मळमळ, अस्वस्थता, उडालेली झोप हे त्रास आधी हजर होतात, आणि मन सावरायला दोन ते सहा आठवडे लागतात. नुकतंच व्यसन सुटलेल्या माणसाला ही अस्वस्थता तलफेसारखीच भासू शकते. याची कल्पना त्याला आधी कोणी दिलेली नसते, आणि तो नेमका तेव्हाच औषध टाकून देतो. पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर या दिवसांत जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण काहींमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

एकट्या या गोळीने दारू सुटेल, ही आशाही ठेवू नये. हेलन पेटिनाटी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये डिप्रेशन आणि दारूचं व्यसन दोन्ही असलेल्या १७० जणांवरची चाचणी प्रसिद्ध केली. सर्वांना समुपदेशन होतंच. डिप्रेशनवरचं सर्ट्रालीन आणि दारूची ओढ कमी करणारं नालट्रेक्सोन ही दोन्ही औषधं मिळालेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के जण १४ आठवड्यांच्या उपचारात दारूपासून दूर राहिले. यांतलं एकच औषध किंवा नुसती प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) मिळालेल्या गटांत हे प्रमाण २१ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान होतं.

औषध कोणतं, यानेही फरक पडतो. ब्युप्रोपिऑन हे डिप्रेशनचं औषध सिगारेट सोडायलाही मदत करतं. पण दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद करताना ते घेतलं तर फिट येण्याचा धोका असतो. मेथाडोनवर (हेरॉईनसारख्या व्यसनावरचं औषध) असलेल्या रुग्णाला सिटॅलोप्राम ही डिप्रेशनची गोळी देताना हृदयाच्या ठोक्यांकडे पाहावं लागतं. त्यामुळे आपण काय काय घेतो, हे डॉक्टरांपासून लपवणं महागात पडतं.

बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने किंवा अधिक काळ औषध चालू ठेवतात, मग डोस हळूहळू उतरवतात. एकदम बंद केलं तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. ‘बघा, लागलीच ना सवय!’ असं तेव्हा घरचे म्हणतात. शरीराला औषधाची सवय झालेली असते, हे खरंच. पण त्या गोळीसाठी कोणी खोटं बोलत नाही की घरातल्या वस्तू विकत नाही.