जितकी चले तितकी समीकरणे, म्हणून उत्तर नक्की?

गणिताच्या टिपांमध्ये एक वाक्य कायम फिरत असते: ‘जितकी चले तितकी समीकरणे असली की उत्तर मिळतेच आणि ते एकच असते.’ बहुतेक उदाहरणांत तसे घडतेही, म्हणून ते खरे वाटणे साहजिक आहे. पण खरा प्रश्न समीकरणे किती याचा नसून प्रत्येक समीकरण नवी माहिती देते का, हा आहे.

२क्ष + ३य = ७ आणि ४क्ष + ६य = १४ घ्या. पहिल्याला २ ने गुणून दुसऱ्यातून वजा केले की उरते ० = ०. म्हणजे उकली अनंत. १४ च्या जागी १५ ठेवा, ० = १ येते; उकल नाहीच.

दोन चलांत हे नजरेला दिसते, तीन चलांत मात्र लपते:

क्ष + य + झ = ६
क्ष + २य + ३झ = १४
२क्ष + ३य + ४झ = २०

इथे कुठलेही समीकरण दुसऱ्याची पट नाही. दुसऱ्यातून पहिले वजा केल्यास य + २झ = ८. तिसऱ्यातून पहिल्याची दुप्पट वजा केली तरी पुन्हा तेच! कारण तिसरे म्हणजे पहिल्या दोघांची बेरीज. (१, २, ३) आणि (२, ०, ४) दोन्ही ठेवून पाहा, तिन्ही समीकरणे जुळतात.

० = १ आल्यास आधी वजाबाकीतली चिन्हे तपासा, विशेषतः उजवी बाजू; गुणताना तीच हमखास राहून जाते. अपूर्णांक दशांशात बदलू नका, नाहीतर शून्याऐवजी ०.००१ उरते आणि खोटीच उकल हाती येते.