कर आणि शुल्क : मोबदल्याचा प्रश्न नेमका कुठे लागू पडतो

पगारातून प्राप्तिकर कापला गेला की अनेक घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘आम्ही एवढा कर भरतो, त्याच्या बदल्यात आम्हाला मिळते काय?’ रस्त्यांवरचे खड्डे, मुलांच्या खाजगी शाळेची फी आणि आरोग्यविम्याचा हप्ता ही यादी मग ओघानेच येते. या प्रश्नामागचा राग समजण्याजोगा आहे आणि बऱ्याचदा रास्तही आहे. परंतु ज्या मांडणीत तो विचारला जातो ती कराची नसून शुल्काची आहे. सरकारी तिजोरीत पैसे भरण्याच्या या दोन रीती बाहेरून सारख्याच दिसतात, कारण दोन्हींची पावती मिळते आणि दोन्ही सक्तीच्या वाटतात. न्याय्यता मोजण्याची दोहोंची मापे मात्र वेगळी आहेत, आणि एकाचे माप दुसऱ्याला लावले की समाजाप्रति असलेल्या आपल्या देण्याविषयीची सगळी चर्चाच भरकटते.

आपल्या राज्यघटनेने हा भेद मानलेला आहे. केंद्र आणि राज्ये यांच्यात अधिकार वाटून देणाऱ्या सातव्या अनुसूचीत करांच्या नोंदी आणि शुल्काच्या नोंदी स्वतंत्र आहेत, आणि केवळ शुल्क आकारण्याची तरतूद आहे एवढ्यावरून एखादे विधेयक धनविधेयक (म्हणजे केवळ कर, सरकारी खर्च अशा आर्थिक बाबींचे विधेयक) ठरत नाही, असे अनुच्छेद ११० सांगतो. या भेदाचा पहिला मोठा कस मार्च १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लागला, आणि त्यातील दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला खटला उडुपीच्या अष्टमठांपैकी शिरूर मठाचा होता. हा प्रदेश त्या वेळी मद्रास राज्यात होता, आणि तेथील १९५१ च्या कायद्याने धर्मसंस्थांकडून त्यांच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत वार्षिक अंशदान मागितले होते. दुसरा खटला आपल्याकडचा, म्हणजे १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याविषयीचा होता. त्यातही विश्वस्त संस्थांकडून अंशदान घेण्याची तरतूद होती. दोन्ही ठिकाणी पैसे धर्मादाय संस्थांकडूनच घेतले जात होते आणि दोन्ही ठिकाणी उद्देश त्यांच्यावरील देखरेखीचा खर्च भागवणे हाच सांगितला जात होता. तरीही न्यायालयाने मद्रासची आकारणी कर ठरवून राज्याच्या अधिकाराबाहेरची म्हटली आणि मुंबईची आकारणी शुल्क म्हणून उचलून धरली.

या फरकाचे एक मोठे कारण पैसा कुठे जातो हे होते. मद्रासमध्ये तो राज्याच्या एकत्रित निधीत मिसळून जात होता आणि देखरेखीच्या खर्चाशी त्याचा कोणताही मेळ घातलेला नव्हता. मुंबईत त्यासाठी स्वतंत्र प्रशासन निधी होता आणि तो त्याच कामासाठी वापरायचा होता. न्या. बिजनकुमार मुखर्जी यांनी या निकालांत जी फोड केली ती आजही आधार म्हणून वापरली जाते. कर हा सार्वजनिक कारणासाठी कायद्याने सक्तीने घेतलेला पैसा असून करदाता आणि सरकार यांच्यात त्याबद्दल देवघेवीचा कोणताही सौदा नसतो. तो सामाईक भाराचा हिस्सा असल्यामुळे त्याची रक्कम सामान्यतः देणाऱ्याच्या ऐपतीवर ठरते. शुल्क हे एखाद्याला दिलेल्या विशिष्ट सेवेबद्दल असते आणि ते त्या सेवेच्या खर्चाशी बांधलेले असते. पुढे, विशेषतः १९८३ च्या आंध्र प्रदेशातील बाजारशुल्काच्या खटल्यात, न्यायालयाने ही गाठ सैल केली आणि रुपयाला रुपया जुळण्याची गरज नाही, ढोबळ संबंध पुरेसा आहे, असे म्हटले. पायाभूत भेद मात्र मोडला नाही.

न्याय्यतेचा प्रश्न इथूनच सुरू होतो. वाहन परवान्याचे शुल्क श्रीमंताला आणि गरिबाला सारखेच असले तर त्यात फारसे वावगे नाही, कारण काम सारखेच आहे. पोलीस, न्यायालये, साथरोगांचे नियंत्रण किंवा ओढ्यावरचा पूल यांची किंमत माणशी वाटून घ्यायची ठरवली, तर ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही त्याला नागरिकत्वाच्या बाहेरच काढावे लागेल. म्हणूनच कर ऐपतीप्रमाणे घ्यायचा असतो, आणि ज्याने जास्त भरला त्याला पोलिसांनी आधी उत्तर द्यावे असा हक्क त्यातून निर्माण होत नाही. तसा हक्क मागणे म्हणजे नागरिकाने स्वतःला गिऱ्हाईक करून घेणे होय. गिऱ्हाइकाला माल पसंत नसेल तर दुकान बदलता येते. नागरिकाजवळ त्याहून मोठा अधिकार असतो, तो म्हणजे हिशेब मागण्याचा. आणि हा अधिकार त्याने किती कर भरला यावर अवलंबून नसतो.

इथे एक गैरसमज खोडून काढणे भाग आहे. ‘मूठभर लोक कर भरतात आणि बाकीचे खातात’ हे वाक्य केवळ प्राप्तिकराचे विवरणपत्र भरणाऱ्यांना करदाते मानते. मोबाइलचे रिचार्ज करणारी घरकामगार बाई त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर देते, आणि तो दर तिच्या मालकिणीला लागणाऱ्या दराइतकाच असतो. तिच्या मिळकतीच्या प्रमाणात पाहिले तर तिचा वाटा अधिक जड असू शकतो. कोण किती देतो हे मोजायचे असेल तर सर्व कर एकत्र धरले पाहिजेत.

शुल्क कुठे योग्य आणि कर कुठे योग्य, हा निर्णय राजकीय असतो, आणि कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात तो रस्त्यावर आला. शहरांतर्गत रस्ते खाजगी कंपनीकडून करून घेऊन त्याची वसुली शहराच्या वेशीवरील टोलनाक्यांवर करण्याची ती योजना होती. एन. डी. पाटील यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्यांनी लढा पुढे नेला आणि डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. माझ्या मते आंदोलनाचा मूळ आक्षेप योग्य होता : लांब पल्ल्याच्या द्रुतगती मार्गावर टोल देणाऱ्याला जुन्या रस्त्याने जाण्याचा पर्याय असतो, पण स्वतःच्याच शहरातील रस्ते टाळणार कोण? ज्या सेवेला नकार देता येत नाही तिचे शुल्क हा वेष पालटलेला करच असतो, आणि तोही ऐपत न पाहणारा. तथापि टोल गेला म्हणून रस्ते फुकट झाले नाहीत. कंपनीचे देणे सार्वजनिक तिजोरीवर आले, म्हणजे कोल्हापुरात कधी पाऊल न टाकलेल्या गडचिरोलीच्या रहिवाशाचाही त्यात वाटा पडला. ही गोष्ट विजयाच्या जल्लोषात फारशी कोणी उच्चारली नाही.

मुंबईतील पाण्याच्या आकारणीत दोन्ही तत्त्वे शेजारी शेजारी नांदतात. मीटरप्रमाणे येणारा पाण्याचा आकार वापराशी बांधलेला असतो. मालमत्ता कराच्या देयकातील जल लाभ कर मात्र पाणीपुरवठ्याच्या मोठ्या कामांसाठी असतो आणि घराला वर्षभर कुलूप असले तरी तो चुकत नाही.

कर आणि शुल्क या दोहोंच्या मधोमध उपकर, म्हणजे मूळ करावर आकारलेला जादा कर, येतो. प्राप्तिकरावर सध्या चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. ठरावीक कारणासाठी घेतल्यामुळे तो शुल्कासारखा भासतो, पण देणाऱ्याला वैयक्तिक सेवा काहीच नसल्याने स्वभावतः तो करच आहे. शिवाय अनुच्छेद २७० नुसार अशा उपकरात राज्यांना वाटा मिळत नाही, त्यामुळे केंद्राला तो सोयीचा पडतो.

कारणाशी बांधलेल्या कराचे सर्वांत लक्षणीय उदाहरण मात्र महाराष्ट्राचेच आहे, आणि ते बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकावर दरमहा छापलेले असते : व्यवसाय कर. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे ग्रामीण रोजगाराचा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळाने त्याची निकड सिद्ध केली. आणि रोजगार हमीला, म्हणजे काम मागणाऱ्याला शासनाने काम देण्याच्या योजनेला, कायद्याचे बळ मिळून तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्येच व्यवसाय कर आला. शहरातील नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी द्यायचे आणि त्यातून खेड्यातील काम मागणाऱ्या मजुराला मजुरी मिळायची, अशी ती रचना होती; तीत राज्य शासनानेही तेवढीच भर घालायची होती. पुण्यामुंबईच्या कारकुनाला या पैशाच्या बदल्यात वैयक्तिकरीत्या काहीच मिळणार नव्हते, आणि ते कायद्यात कुठे लपवलेलेही नव्हते. ‘मला काय मिळाले’ हे माप लावले तर हा कर उघड अन्याय ठरेल. दुष्काळात मजुराने गाव सोडून जाऊ नये ही सगळ्या राज्याची जबाबदारी मानली तर याच्याइतका सरळ कर शोधून सापडणार नाही.

त्याच्या आकारणीतला दोष मात्र खरा आहे. अनुच्छेद २७६ ने व्यवसाय कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये केली आणि त्यानंतर ती हललेली नाही. परिणामी महिन्याला दहा हजारांहून थोडे अधिक कमावणारा पुरुष कामगार आणि त्याच्या कंपनीचा कोट्यवधी कमावणारा संचालक हे दोघेही ११ महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असे सारखेच देतात. महिलांना २०२३ पासून दरमहा २५ हजारांपर्यंत सूट मिळाली, तीही तळाच्या बाजूची सवलत आहे. वरच्या टोकाला राज्य सरकार हात लावू शकत नाही, कारण ती मर्यादा संसदेने घटनादुरुस्ती करूनच बदलावी लागेल. हेतूने शुद्ध कर असलेली ही आकारणी वसुलीच्या पातळीवर शुल्कासारखी सपाट झाली आहे, आणि ‘बदल्यात काय मिळते’ या प्रश्नाऐवजी ‘माझ्या वरच्याने माझ्याइतकेच का द्यावे’ हा प्रश्न तिच्याबाबत विचारला जायला हवा.