कोर्टातले शब्द (खान्देश)

दिवाणी, फौजदारी आणि महसुली कामकाजात रोज वापरले जाणारे शब्द. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतल्या पक्षकाराच्या कानावर ते जसे पडतात, तसे या नोंदीत घेतले आहेत. तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा 1998 पासून मराठी ठरली आहे. पण ती घरातली मराठी नव्हे, आणि घरात अहिराणी, लेवा गणबोली, भिली किंवा पावरी बोलणाऱ्याला ती आणखी एक पाऊल दूर पडते. अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस विचारून घेतो. घात होतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनी.

‘म्हणणे’ हा त्यातला पहिला. समोरच्याने दिलेल्या अर्जावरचा लेखी जबाब म्हणजे म्हणणे. वकील त्याला ‘से’ म्हणतात. ते तोंडी सांगून भागत नाही. मूळ दाव्याला दिलेले लेखी उत्तर म्हणजे कैफियत. समन्स बजावल्यापासून ती 30 दिवसांत द्यायची असते. न्यायालयाने कारण नोंदवून मुदत वाढवली, तरी साधारणपणे 90 दिवसांपर्यंतच. समन्स घ्यायला नकार दिला म्हणून दावा टळत नाही. बेलिफ, म्हणजे समन्स बजावणारा न्यायालयाचा कर्मचारी, प्रत दाराला चिकटवून तसा अहवाल देतो आणि पुढे दावा ‘एकतर्फा’ चालू शकतो, म्हणजे प्रतिवादीला न ऐकता. एकतर्फा हुकूमनामा, म्हणजे दाव्याच्या निकालाचा आदेश, रद्द करून घेण्याचा अर्ज 30 दिवसांत करता येतो, मात्र गैरहजेरीला सबळ कारण दाखवावे लागते.

‘कोरटमा तारीख शे’ (कोर्टात तारीख आहे) म्हणून माणूस सकाळच्या एसटीने तालुक्याला येतो. शिपाई दाराशी उभा राहून नावे पुकारतो, तो ‘पुकारा’. त्या दिवशी काय झाले ते ‘रोजनाम्या’त उतरते आणि काम ‘तहकूब’ होते, म्हणजे पुढच्या तारखेवर जाते. ते मिटलेले नसते. ‘पुरसिस’ म्हणजे न्यायालयाला काही कळवणारी छोटी लेखी चिठ्ठी. ‘पुरावा संपल्याची पुरसिस’ दिली की आपल्या बाजूने नवा साक्षीदार आणण्याची वाट जवळजवळ बंद होते, म्हणून तिच्यावर सही करण्याआधी ती वाचून घेतलीच पाहिजे.

सगळ्यात जास्त गैरसमज ‘निशाणी 5’ भोवती आहे. निशाणी म्हणजे प्रकरणातल्या कागदाला दिलेला क्रमांक. तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला महाराष्ट्रात रूढीने पाचवा क्रमांक मिळतो, म्हणून त्या अर्जाचेच नाव निशाणी पाच पडले. न्यायालय त्यात तीनच गोष्टी पाहते: प्रथमदर्शनी बाजू कोणाची दिसते, मनाई न दिल्यास कोणाची गैरसोय जास्त, आणि पैशाने भरून न निघणारे नुकसान होणार का. वावर (शेत) कोणाच्या मालकीचे, हे त्यातून ठरत नाही. तरीही निशाणी पाच मंजूर झाली की दावा जिंकल्याची बातमी गावात पसरते आणि हरल्याच्या समजुतीने दुसरी बाजू खचते. ‘जैसे थे’चेही तसेच. त्या दिवशी जी स्थिती असेल तीच ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ. कब्जा कोणाचा हे हुकुमात लिहिलेले नसेल, तर पेरणीच्या दिवशी त्याच दोन शब्दांवरून पुन्हा भांडण उभे राहते.

‘सातबाऱ्यावर नाव आहे’ म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. उलट पुरावा येईपर्यंत तो खरा धरला जातो, इतकेच. ‘फेरफार’ म्हणजे त्यातल्या बदलाची नोंद. ‘हक्कसोड’ मात्र हक्कच सोडतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या बहिणीपुढे ‘नुसती सही’ म्हणून ठेवलेला कागद हक्कसोडपत्र असेल आणि त्याची नोंदणी झाली, तर वडिलांच्या शेतातला तिचा वाटा गेला. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. तो सोडायचा की नाही, हे तिने कागद समजून ठरवावे. या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द हाच.

रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड कापून ठेवले आणि कोणी रस्ता अडवला, तर माल थांबत नाही. इथे दोन वाटा वेगळ्या आहेत. पूर्वीपासूनचा रस्ता अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारापुढे दावा, तोही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चे कलम 143. एकाऐवजी दुसऱ्याखाली अर्ज केला, तर हंगाम हातचा जातो.

फौजदारी बाजूला 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. बोलण्यातला ‘चारशेवीस’ आता कलम 318 मध्ये आहे. ‘जामीन’ म्हणजे सुटका नव्हे; खटला चालूच राहतो आणि तारखेला हजर राहावेच लागते.

अपिलाच्या दिशाही दोन. तहसीलदार, प्रांताधिकारी, जिल्हाधिकारी या महसुली वाटेने प्रकरण वर गेले, तर ते नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे पोचते; दिवाणी न्यायालयातून वर गेले, तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठापुढे. एकाच वावराची दोन प्रकरणे अशी दोन शहरांत चालू असलेली दिसतात.

‘दरखास्त’ हा शेवटचा टप्पा. नेहमीच्या मराठीत तो साधा अर्ज. कोर्टात तो हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज. निकाल हाती आला, म्हणजे ताबा मिळाला असे नाही. समोरचा सोडत नसेल, तर दरखास्त लावावी लागते, मग ताबा वॉरंट निघते आणि बेलिफ जागेवर येतो. मुदत 12 वर्षे. कायमच्या मनाईच्या हुकूमनाम्याला मात्र ही मुदत नाही.