भारत–चीन राजदूत संबंध

भारत आणि चीन यांनी एकमेकांच्या दरबारी, आणि पुढे एकमेकांच्या राजधानीत, पाठवलेल्या दूतांचा इतिहास. आधुनिक अर्थाने हे संबंध १ एप्रिल १९५० रोजी सुरू झाले आणि तेव्हापासून एकदाही तुटलेले नाहीत. १९६२ च्या युद्धातही दोन्ही राजधान्यांतल्या वकिलाती उघड्या होत्या. बदलत गेला तो दूताचा दर्जा. त्यामुळे बीजिंग किंवा दिल्लीत त्या वेळी राजदूत होता की प्रभारी (राजदूत नसताना वकिलात सांभाळणारा अधिकारी), आणि राजदूताची जागा किती काळ रिकामी राहिली, हे पाहिले की संबंधांची खरी स्थिती कळते.

जुने दूत कामापुरते जात आणि काम झाले की परतत. हर्षवर्धनाने ६४१ मध्ये तांग दरबारी दूत पाठवला आणि तिकडून उलट मंडळे आली. त्यांपैकी वांग श्वानत्से हा पुन्हा आला तेव्हा हर्षाचा मृत्यू झाला होता. गादी बळकावणाऱ्याने चिनी मंडळ लुटले. वांग निसटला आणि चिनी नोंदींप्रमाणे तिबेटचे १,२०० व नेपाळचे ७,००० स्वार घेऊन परत आला. दूतानेच फौज उभी करण्याचे असे उदाहरण विरळाच. चोळांनी १०७७ मध्ये सोंग दरबारी ७२ जणांचे मंडळ पाठवले. मुहम्मद तुघलकाने १३४२ मध्ये इब्न बतूताला दूत म्हणून रवाना केले, पण कालिकतच्या बंदरात वादळाने नजराण्यांचे जहाज बुडाले आणि ते दूतकार्य तिथेच संपले.

दर्जा आणि रीत

राजदूताचे नाव जाहीर होण्याआधी ते समोरच्या सरकारला गुपचूप कळवून संमती घेतात. नकार दिला तर कारण सांगण्याचे बंधन नसते. नेमणूक झालेला राजदूत पोहोचल्यावर अधिकारपत्राची नक्कल परराष्ट्र मंत्रालयात देतो आणि मूळ पत्र समारंभाने राष्ट्रप्रमुखाच्या हाती ठेवतो. प्रभारी दूताचे तसे नसते. त्याचा व्यवहार परराष्ट्र मंत्रालयाशी, राष्ट्रप्रमुखाशी नव्हे. दैनंदिन काम मात्र दोघांचे सारखेच: टिपणे पोहोचवणे, उत्तरे आणणे, आपल्या नागरिकांकडे पाहणे आणि ऐकलेले शब्द जसेच्या तसे मायदेशी कळवणे. यातले शेवटचे काम सगळ्यांत नाजूक असते.

याचे ठळक उदाहरण १९५० चे आहे. तिबेटच्या संदर्भात चीनची ‘अधिसत्ता’ (स्वायत्त प्रदेशावरचा वरवरचा हक्क) म्हणायचे की ‘सार्वभौमत्व’ (पूर्ण मालकी), हा भारतासाठी कळीचा फरक होता. ऑगस्ट १९५० मध्ये बीजिंगला दिलेल्या भारतीय टिपणात ‘सार्वभौमत्व’ हा शब्द गेला. पुढे शब्द बदलला, तरी चीनच्या हाती पहिला कागद राहिलाच.

१९५० ते १९६२

महायुद्धाच्या काळात १९४२ पासून चीनच्या तेव्हाच्या राजधानीत, चुंगकिंगला, भारताचा एजंट जनरल (राजदूताहून खालच्या दर्जाचा प्रतिनिधी) असे. जफरुल्ला खान आणि नंतर के. पी. एस. मेनन यांनी हे पद सांभाळले. के. एम. पणिक्कर हे नानकिंगला राष्ट्रवादी सरकारकडे राजदूत होते. कम्युनिस्टांची सत्ता आल्यावर तेच बीजिंगला गेले आणि २० मे १९५० रोजी त्यांनी माओंना अधिकारपत्रे दिली. चीनचे दिल्लीतले पहिले राजदूत युआन झोंगशियान हे लष्करातले सेनानी होते. नव्या चीनने सुरुवातीला असे अनेक लष्करी अधिकारी राजदूत म्हणून बाहेर पाठवले.

३ ऑक्टोबर १९५० च्या मध्यरात्री पंतप्रधान चौ एन लाय यांनी पणिक्करांना झोपेतून उठवून बोलावले. अमेरिकी फौजा दोन कोरियांमधली सीमा, म्हणजे ३८ वे अक्षवृत्त, ओलांडून उत्तर कोरियात शिरल्या तर चीन गप्प बसणार नाही, हा निरोप त्यांनी दिला. अमेरिकेचा बीजिंगमध्ये दूत नव्हता, म्हणून निरोप भारतामार्फत गेला. वॉशिंग्टनने पणिक्करांना चीनकडे झुकलेले मानले आणि इशारा बाजूला सारला. त्याच महिन्यात चिनी सैन्य कोरियात उतरले. निरोप खरा होता, पण निरोप्यावर विश्वास नसल्यामुळे तो वाया गेला.

पणिक्करांनंतर आलेल्या एन. राघवन यांनी २९ एप्रिल १९५४ रोजी तिबेटशी व्यापार व दळणवळणाचा करार केला. पंचशील, म्हणजे शांततामय सहजीवनाची पाच तत्त्वे, याच कराराच्या प्रस्तावनेत आहे. हिंदी, चिनी आणि इंग्रजी असे तिन्ही मसुदे सारख्याच ताकदीचे ठरले. त्यात शिपकी, माना, नीती, कुंग्री बिंग्री, दारमा आणि लिपुलेख या सहा खिंडींची नावे आली. खिंडी मान्य म्हणजे सीमाही मान्य, असे दिल्लीने धरले. चीनने पुढे म्हटले की तो करार व्यापाराचा होता, सीमेचा नव्हे. कराराची मुदत आठ वर्षे होती आणि जून १९६२ मध्ये तो नूतनीकरणाविना संपला.

करार झाला त्याच वर्षी, ऑक्टोबर १९५४ मध्ये, नेहरू बीजिंगला गेले तेव्हा दुभाषा म्हणून वसंत परांजपे होते. हा मराठी तरुण १९४७ पासून पेकिंगला राहून चिनी शिकला होता. अशी माणसे तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती आणि वकिलातीचा बराच भार त्यांच्या कानांवर असे.

१९५९ मध्ये तणाव वाढल्यावर भारताने दोन्ही सरकारांची टिपणे श्वेतपत्रिकांत छापायला सुरुवात केली. संसदेला हवे ते मिळाले, पण एकदा छापलेल्या भूमिकेतून माघार घेणे दोन्ही बाजूंना अवघड झाले.

प्रभारींची पंधरा वर्षे

जुलै १९६१ मध्ये जी. पार्थसारथी परतले आणि भारताने नवा राजदूत नेमला नाही. १९६२ मध्ये चीनचे पान झिली यांनीही दिल्ली सोडली. युद्धाच्या काळात बीजिंगमध्ये भारताची बाजू प्रभारी पी. के. बॅनर्जी यांनी सांभाळली. सप्टेंबर १९६५ मध्ये, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, सिक्कीम सीमेवरची बांधकामे तीन दिवसांत पाडण्याचा चीनचा इशारा जगत मेहता प्रभारी असताना मध्यरात्रीनंतर हाती ठेवण्यात आला. त्याच तक्रारींत ८०० मेंढ्या आणि ५९ याक पळवल्याचा आरोप होता. त्यावर दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी मेंढ्यांचा कळप घेऊन चिनी वकिलातीवर गेले.

सर्वांत वाईट प्रसंग जून १९६७ चा. के. रघुनाथ आणि पी. विजय या दोन भारतीय अधिकाऱ्यांवर बीजिंगजवळ हेरगिरीचा आरोप ठेवला गेला. जमावासमोर खटला चालवून रघुनाथ यांचे राजनैतिक संरक्षण काढले आणि विमानतळावर दोघांना रेड गार्ड्सनी (माओंच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या तरुण टोळ्यांनी) मारहाण केली. दिल्लीने चिनी अधिकाऱ्यांची हकालपट्टी केली, जमाव चिनी वकिलातीत घुसला आणि बीजिंगच्या भारतीय वकिलातीला वेढा पडला. दूतांच्या संरक्षणाचा व्हिएन्ना करार भारताने १९६५ मध्ये स्वीकारला होता, चीनने मात्र १९७५ मध्ये. म्हणजे त्या दिवशी त्या अधिकाऱ्यांच्या पाठीशी दोन्ही देशांना बांधणारा लेखी करार नव्हता, होती ती फक्त परंपरा. रघुनाथ पुढे परराष्ट्र सचिव झाले.

१ मे १९७० रोजी तिआनानमेनवर माओंनी प्रभारी ब्रजेश मिश्र यांच्याशी हस्तांदोलन करून भांडण असे कायम चालू राहू नये, अशा आशयाचे शब्द काढले. तरीही राजदूत परत यायला सहा वर्षे लागली. १५ एप्रिल १९७६ रोजी परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी संसदेत के. आर. नारायणन यांची नेमणूक जाहीर केली. चीनकडून चेन झाओयुआन आले.

नंतरचा काळ

२००३ मध्ये सीमाप्रश्नासाठी दोन विशेष प्रतिनिधी नेमण्याची पद्धत सुरू झाली. भारताचे पहिले प्रतिनिधी ब्रजेश मिश्रच होते, चीनचे दाई बिंगुओ. त्यामुळे सीमेचा मुद्दा बराचसा राजदूताच्या हातून निघाला. २०१७ च्या डोकलाम पेचात बीजिंगला विजय गोखले होते आणि त्यांच्यानंतर गौतम बंबावाले. दोघेही मराठी. गलवान खोऱ्यातल्या २०२० च्या चकमकीनंतरच्या काळात, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुन वेइडोंग गेल्यावर चीनने दिल्लीत राजदूत पाठवला तो थेट मे २०२४ मध्ये, शू फेइहोंग यांच्या रूपाने. सुमारे दीड वर्ष ती जागा रिकामी होती.

वाणिज्य दूतावासांची कथा वेगळी. युद्धानंतर बंद पडलेले मुंबई आणि शांघायचे दूतावास डिसेंबर १९९१ च्या करारानंतर वर्षभरात, डिसेंबर १९९२ मध्ये, पुन्हा उघडले. ल्हासाचा भारतीय दूतावास डिसेंबर १९६२ पासून बंदच आहे.