नई तालीम

नई तालीम ही उत्पादक हस्तोद्योगाला शिक्षणाचे माध्यम मानणारी, महात्मा गांधींनी १९३७ साली मांडलेली शिक्षणपद्धती होय. वर्धा शिक्षण योजना, मूलोद्योग शिक्षण आणि जीवनशिक्षण या नावांनीही ती महाराष्ट्रात ओळखली गेली. शाळेत मुलांना एखादा उद्योग शिकवावा, असे म्हणणारे गांधींच्या आधीही पुष्कळ होते. उद्योगातूनच भाषा, गणित, विज्ञान असे सारे शिकवावे आणि मुलांच्या हातून तयार होणाऱ्या मालाला खरी किंमत यावी, ही दुहेरी अट मात्र या पद्धतीची खास आहे. तिच्याविषयीचा वाद मुख्यतः दुसऱ्या अटीवरून झाला.

ही अट तात्त्विक चिंतनातून आली तशीच पैशाच्या अडचणीतूनही आली. १९३७ मध्ये अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली. दारूबंदी आणि सक्तीचे मोफत शिक्षण ही दोन्ही आश्वासने त्यांना पाळायची होती. पण शिक्षणावरील खर्चाचा मोठा भाग दारूवरील अबकारी उत्पन्नातूनच निघत असे. मुलांना शिकवण्यासाठी सरकारला त्यांच्याच वडिलांना दारू विकत राहावे लागावे, हे गांधींना असह्य वाटले. शाळेने आपला चालू खर्च, निदान शिक्षकांचे वेतन तरी, स्वतःच्या उत्पादनातून काढावे आणि तो माल सरकारने विकत घ्यावा, असा मार्ग त्यांनी ‘हरिजन’ साप्ताहिकातून सुचवला.

या विचाराची छाननी करण्यासाठी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक श्रमाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम आणि शिक्षकांचे वेतन क्रमाक्रमाने उत्पादनातून निघण्याची अपेक्षा, असे चार ठराव तिने केले. तपशील ठरवण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात विनोबा भावे, काका कालेलकर, अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा व के. टी. शाह, शिक्षणकार्यकर्ते आर्यनायकम् व आशादेवी आदी मंडळी होती. समितीने डिसेंबरमध्ये अहवाल दिला. त्यात शाळेच्या रोजच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगासाठी होती, तर मातृभाषेला चाळीस मिनिटे आणि संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून चाळीस मिनिटे दिली होती. ही वाटणी पाहून पुस्तकी विषयांची उपेक्षा झाली, असा ग्रह होतो. परंतु उद्योगाचा वेळ हाच विषयांचाही वेळ असावा, या गृहीतकावर सारी रचना उभी होती.

उद्योग आणि ज्ञान यांच्या या सांधणीला ‘समवाय’ म्हणतात आणि शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने नई तालीमचा गाभा तोच आहे. कताईच्या वर्गात मूल सरकी काढते, कापूस पिंजते, पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) करून टकळीवर, म्हणजे हातचातीवर, सूत काढते आणि ते फाळक्यावर गुंडाळते. चार फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी, या मापाने एका गुंडीत २,५६० फूट, म्हणजे सुमारे ८५३ वार सूत असते. एका पौंडात (सुमारे ३९ तोळ्यांत) ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तितका सुताचा नंबर, म्हणजे त्याच्या बारीकपणाचे माप. त्यामुळे गुंडी दोन तोळे भरली तर सूत साधारण वीस नंबरचे आणि एकच तोळा भरली तर चाळीस नंबरचे ठरते. वजन निम्मे झाले की नंबर दुप्पट होतो, हे व्यस्त प्रमाण मुलाला स्वतःच्या सुतात सापडते आणि आपले सूत जाड का आले, याचे उत्तर शोधताना ते त्याला पुन्हा पुन्हा वापरावे लागते. कोरड्या हवेत धागा अधिक का तुटतो, हा प्रश्न हवेतील बाष्पाकडे नेतो; कापूस पिकवणाऱ्या प्रदेशातील विणकर कंगाल का झाले, हा प्रश्न कंपनी सरकार आणि मँचेस्टरच्या गिरण्यांच्या इतिहासाकडे. असा समवाय साधायला शिक्षक अतिशय तयारीचा लागतो. प्रत्येक धडा ओढूनताणून टकळीला बांधण्याचा दोष पुढे अनेक शाळांत शिरला. वास्तविक मूळ योजनेत उद्योगाइतकेच निसर्ग आणि समाज हेही समवायाचे आधार मानले होते.

अमेरिकेतील तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात काढलेल्या प्रायोगिक शाळेतही मुले कापूस हाताळीत. तेथील एका गटाला अर्धा तास खपूनही सरकीपासून एक औंसदेखील कापूस वेगळा करता आला नाही आणि लोकरीच्या मानाने सुती कापडाचा उद्योग मागे का राहिला होता, हे त्यांना त्यातून उमगले. येथवर दोन्ही विचार एकाच वाटेने जातात. मात्र शाळेतील काम आर्थिक ताणापासून मुक्त असले तरच ते शिक्षण ठरते, असे ड्यूई मानीत. गांधींच्या मते कामाला मोल नसेल तर ते खेळ होऊन बसते. खपणारे सूत काढायचे असेल तर ते एकसारखेच काढावे लागते, येथे वशिला किंवा शाबासकी उपयोगाची नाही. हा गांधींच्या भूमिकेतील बळकट भाग आहे. पण शिक्षकाचा पगार मुलांच्या उत्पादनातून निघू लागला की शिक्षकाचा मुकादम होण्याचा धोका उघड आहे. के. टी. शाह यांनी वर्ध्याच्या परिषदेतच स्वावलंबनाच्या कल्पनेला विरोध केला होता आणि आर्थिक बाजूवर भर देताना सांस्कृतिक व शैक्षणिक हेतूंचा बळी जाऊ शकतो, असा इशारा खुद्द झाकिर हुसेन समितीनेही दिला होता. सरकारचे शिक्षण सल्लागार जॉन सार्जंट यांच्या १९४४ च्या योजनेने कृतीतून शिक्षणाचे तत्त्व स्वीकारले आणि स्वावलंबनाची अपेक्षा नाकारली.

भारतीय समाजात या योजनेला आणखी एक अर्थ होता. कातणे, विणणे, चामड्याचे काम ही जातींना जखडलेली आणि हीन लेखलेली कामे सर्व मुलांच्या अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आणणे हा लेखणीच्या मिरासदारीला धक्का होता. त्याच कारणाने, हस्तोद्योग शिक्षणात आणणारी प्रत्येक योजना नई तालीम ठरत नाही. मद्रासचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांच्या १९५३ च्या योजनेत मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि उरलेला वेळ आईवडिलांच्या धंद्यात घालवावा, अशी तरतूद होती. ती जातीचा धंदा कायम करते म्हणून द्रविड चळवळीचे नेते पेरियार आदींनी तीव्र विरोध केला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. मूलोद्योग शाळेत उद्योग निवडण्याचा निकष मुलाचे कूळ हा नव्हता, हा फरक निर्णायक आहे.

१९३८ मध्ये काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनाने योजना मान्य केल्यावर हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्राम हे त्याचे केंद्र बनले. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेपासून नई तालीम सात वर्षांपुरती न राहता बालशिक्षणापासून प्रौढशिक्षणापर्यंत विस्तारली. स्वातंत्र्यानंतर सरकारी मूलोद्योग शाळांची संख्या वाढली. परंतु त्यांच्याशेजारी परीक्षेकडे आणि नोकरीकडे नेणाऱ्या नेहमीच्या शाळाही चालू राहिल्या आणि ऐपत असलेल्यांनी आपली मुले तिकडेच पाठवली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष उत्पादक कामाच्या अनुभवाची, शिफारस केली. महाराष्ट्रातील शाळांत तो वेळापत्रकातील एक वेगळा विषय झाला आणि त्याचा गणिताशी किंवा विज्ञानाशी संबंध उरला नाही, म्हणजे समवायच सुटला. सेवाग्राम येथे २००५ मध्ये आनंद निकेतन ही शाळा पुन्हा सुरू झाली असून तेथे शेती, स्वयंपाक, कताई आणि शिवणकाम यांच्या आधारे मराठी माध्यमातून शिकवले जाते.