पुण्याच्या सीएनजीचा भाव मुंबई हाय, दाभोळ आणि कतारमध्ये कसा ठरत गेला

सीएनजी महागला की पुण्यात रिक्षा स्टँडवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो, मुंबई हायचा गॅस आपल्या शेजारचा, मग परदेशात काही झालं की आपल्याला का झळ बसते? प्रश्न अगदी योग्य आहे, पण त्याचं उत्तर पन्नास वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं.

मुंबई हायला तेल सापडलं १९७४ मध्ये, १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. तेव्हा सगळ्यांना हवं होतं तेल, त्याच्याबरोबर निघणाऱ्या गॅसला ना पाईप होता ना गिऱ्हाईक, त्यामुळे बराचसा गॅस समुद्रातच जाळून टाकला जायचा. मग उरणचा वीज प्रकल्प आला, अलिबागजवळ थळला खताचा कारखाना आला, १९८४ ला गेल ही सरकारी गॅस कंपनी स्थापन झाली आणि हजीरा-विजयपूर-जगदीशपूर लाईन टाकून पश्चिम किनाऱ्याचा गॅस थेट मध्य प्रदेश-उत्तर प्रदेशच्या खत कारखान्यांपर्यंत गेला. देशाला युरिया हवा होता, म्हणून पहिला मान खताला आणि मग विजेला, हे त्या काळात बरोबरच होतं. पण घरं आणि गाड्या त्या रांगेत कुठेच नव्हत्या.

१९९८ ला सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या बसेस सीएनजीवर न्यायला सांगितलं आणि तिथून चित्र पालटलं. मुंबईत घरोघरी आणि पंपांवर गॅस पोचवणारी महानगर गॅस ही कंपनी १९९५ लाच आली होती, पुण्यासाठीची तशीच कंपनी एमएनजीएल मात्र २००६ ची. नंतर मनपाने रिक्षांना किट बसवायला अनुदान दिलं, पीएमपीच्या बसेस आल्या, कोथरूड-पिंपरीकडे पाईप गॅस आला. म्हणजे बघा, मुंबई हायची भरभराटीची वर्षं सरत आली तेव्हा पुणं रांगेत उभं राहिलं.

मधे आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या केजी-डी६ या समुद्री गॅसक्षेत्राची मोठी आशा होती. एप्रिल २००९ ला उत्पादन सुरू झालं, वर्षभरात दिवसाला ६ कोटी घनमीटर पर्यंत गेलं, आणि त्या भरवशावर देशभर गॅसवरचे वीज प्रकल्प उभे राहिले. मग उत्पादन घसरलं ते थांबेचना, आणि ते प्रकल्प गॅसविना बसून राहिले.

त्यात आपलं दाभोळही आलं, आणि त्यावर जरा सविस्तर लिहायलाच हवं कारण महाराष्ट्राने यात जेवढं भोगलंय तेवढं क्वचितच कोणी भोगलं असेल. १९९२ ला तिथल्या वीज प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकन कंपनीबरोबर बोलणी झाली, १९९५ ला युती सरकारने करार रद्द केला आणि पुन्हा वाटाघाटी करून परत आणला, १९९९ ला पहिला टप्पा नाफ्था या तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर सुरू झाला, दुसऱ्या टप्प्यासाठी बाहेरून एलएनजी, म्हणजे द्रवरूप गॅस, येणार होता. पण ती वीज एवढी महाग की वीज मंडळाला झेपेना, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. २००५ ला एनटीपीसी आणि गेलने तो हातात घेतला, एलएनजी टर्मिनल सुरू व्हायला २०१३ उजाडलं, आणि लाटा अडवणारी भिंत अर्धवट असल्यामुळे पुढेही कित्येक वर्षं ते पावसाळ्यात बंद ठेवावं लागायचं. सोन्यासारखा बंदर-प्रकल्प आणि वर्षातले चार महिने रिकामा, याची खंत मला आजही वाटते.

आता एलएनजीचं गणित. गॅस उणे १६२ अंशापर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि आकारमान सहाशेपटीने कमी होतं, मग तो जहाजात मावतो. पण त्यासाठी तिकडे प्लांट, इकडे टर्मिनल, मधे खास जहाजं, सगळं हजारो कोटींचं, त्यामुळे हा धंदा पहिल्यापासून वीस-पंचवीस वर्षांच्या करारांवर चालतो. आपला मोठा करार कतारबरोबरचा, वर्षाला ७५ लाख टन, गुजरातेतल्या दहेजला पहिलं जहाज आलं २००४ ला. त्याचा भाव कच्च्या तेलाशी बांधलेला. २०१५ ला स्पॉटचा, म्हणजे कराराशिवाय बाजारात त्या त्या वेळी मिळणाऱ्या गॅसचा, भाव पडला आणि करारातला गॅस जवळजवळ दुप्पट महाग वाटायला लागला, तेव्हा आपण कमी माल उचलला, दंड बसायची वेळ आली, आणि शेवटी कतारने भाव उतरवून दंडही माफ केला. दुसरीकडे गेलने २०११ लाच अमेरिकेच्या सबाइन पास या एलएनजी प्लांटशी करार केला होता, त्यात भाव तिथल्या गॅसच्या बाजाराशी जोडलेला, तेलाशी नाही. त्या करारातलं पहिलं जहाज मार्च २०१८ ला कुठे लागलं माहितीये? दाभोळलाच.

मग आलं २०२२. १ एप्रिलला राज्य सरकारने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून ३ वर आणला, पुण्यात भाव उतरला, लोक खूश, आणि ऑगस्टपर्यंत तोच भाव नव्वदीच्या पुढे! युक्रेन युद्धामुळे युरोप मिळेल त्या भावाला जहाजं उचलत होता, गॅझप्रॉमच्या ज्या कंपनीशी गेलचा करार होता तिने माल देणं थांबवलं, आणि देशातल्या जुन्या विहिरींच्या गॅसचा सरकारी दरही परदेशी बाजारांच्या सरासरीवर ठरत असल्यामुळे दर दहा लाख बीटीयूला (गॅस मोजायचं उष्णतेचं माप) २.९० डॉलरवरून आधी ६.१० आणि ऑक्टोबरात ८.५७ झाला. म्हणजे आपल्याच समुद्रातल्या गॅसला परक्याचा भाव. गॅसच्या दरासाठी नेमलेल्या पारीख समितीनंतर एप्रिल २०२३ ला तो तेलाशी जोडून वर ६.५० ची मर्यादा घातली, ते मला अगदी योग्य वाटलं. पण २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शहर गॅस कंपन्यांचा हा स्वस्त कोटाच कापला गेला, कारण विहिरी आटतायत आणि गाड्या वाढतायत. कमी पडलेला गॅस महागातला घ्यावा लागतो, आणि पुण्यात रोज नवीन सीएनजी गाड्या रस्त्यावर येतायत.

पुढचं काय? कतार आपली क्षमता वर्षाला ७.७ कोटी टनांवरून २०३० पर्यंत १४.२ कोटींवर नेतोय, अमेरिका २०२३ लाच सगळ्यात मोठी एलएनजी निर्यातदार झाली आणि तिथे अजून प्लांट बांधले जातायत, त्यामुळे माल भरपूर येईल असा बहुतेकांचा अंदाज आहे. आयईए या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार भारताची मागणी २०३० पर्यंत जवळपास ६० टक्के वाढून १०३ अब्ज घनमीटर होईल आणि एलएनजी आयात दुप्पट. स्पॉट स्वस्त झाला की करार कशाला करायचे असं पुन्हा म्हटलं जाईल, २०२० ला तो दोन डॉलरच्या खाली गेला तेव्हाही म्हटलं गेलं, आणि दोनच वर्षांनी तोच गॅस पन्नास डॉलरच्या वर होता. कतारचा नवा करार २०२८ ते २०४८ चा झालाय, चांगलं झालं, पण तो सगळा माल इराणजवळच्या हॉर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतो. अमेरिकेच्या जहाजाला हॉर्मुझ लागत नाही. म्हणून दाभोळ बारा महिने, भर जुलैतसुद्धा, पूर्ण क्षमतेने चालणं ही पुण्याची स्वतःची गरज आहे आणि त्यासाठी पुण्यानेच मागे लागायला हवं.