कल्ले लाल आहेत, पण मासा बरा होता का?

बाजारात मासळी घेताना आपला हात आधी कल्ल्याकडे जातो. वरचं झाकण उचलायचं, आत लालभडक दिसलं की मासा ताजा. मीही तसंच बघून घेते. पण त्यावरून मासा कधी मेला एवढंच कळतं. तो जगला कसा, हे बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. धातूंच्या प्रदूषणात वाढलेल्या माशाच्या कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे सुजलेले, कधी एकमेकांना चिकटलेले दिसतात. त्यांतून प्राणवायू कमी मिळतो. मासा मरत नाही, पण त्याला धाप लागते.

ठाण्याची खाडी सुमारे 26 किलोमीटर लांब. ठाण्याच्या बाजूला ती अरुंद आणि उथळ होत जाते, त्यामुळे भरती-ओहोटीने तिथली घाण पुरती धुतली जात नाही. शहरांचं सांडपाणी तिच्यात येतं आणि 1960च्या दशकापासून काठावर कारखान्यांचा पट्टाही आहे. भाजीपाल्याचा कचरा कुजून जातो; शिसं, कॅडमियम, पारा कुजत नाहीत. ते गाळाच्या कणांना धरून तळाशी बसतात. आणि आपली निवटी, चिखलातली ती छोटी मासळी, राहते नेमकी त्याच गाळात बीळ करून, ओहोटीला वर येऊन चिखलावरचं शेवाळ खरवडून खाते.

कॅडमियमची चाल तर बघण्यासारखी आहे. त्याचा आयन आकाराने जवळजवळ कॅल्शियमएवढा, त्यामुळे कल्ल्यांतल्या कॅल्शियमच्या वाटेनेच तो आत शिरतो. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्याला बरंचसं अडकवून ठेवतं. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की तो मोकळा सुटतो. आत गेल्यावर यकृत खास प्रथिनं बनवून त्याला बांधून ठेवतं. वाढीला आणि अंड्यांना लागणारी ताकद त्यात खर्ची पडते. तांब्याचं दुखणं वेगळंच: ते माशाचं नाक बधिर करतं. मग त्याला भक्ष्याचा वास येत नाही, जखमी सोबत्याच्या कातडीतून सुटणारा धोक्याचा वासही कळत नाही.

घरी खाडीची मासळी आणली तर पोटातलं सगळं आणि कल्ले नीट काढून टाका, कारण कॅडमियम मुख्यतः यकृतात आणि मूत्रपिंडात साठतो. पाऱ्याला मात्र हा उपाय लागू पडत नाही. गाळातले जीवाणू त्याचा मिथाइल पारा करतात, तो मांसातल्या प्रथिनांना चिकटतो आणि लहान माशाकडून मोठ्या माशाकडे वाढत जातो. जपानमधल्या मिनामाता शहरातला पाऱ्याच्या विषबाधेचा आजार 1956 साली उघडकीला आला तो अशाच मासळीतून. असा पारा धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही.